धातूच्या बोटीचा तळ गंजतोय? या चुका टाळा

बोट पाण्याबाहेर काढल्यावर तळाचे जस्ताचे अ‍ॅनोड (बोटीच्या धातूऐवजी स्वतः झिजावेत म्हणून लावलेले धातूचे तुकडे) अगदी कोरे दिसले, तर निर्धास्त होऊ नका. जस्त झिजतं म्हणूनच पोलाद वाचतं. अ‍ॅनोड हंगामभर जसाच्या तसा राहिला, तर बहुधा त्याची पत्र्याशी जोडणी तुटलेली असते, नाहीतर तळ रंगवताना कुणीतरी त्यावरूनही ब्रश फिरवलेला असतो. अ‍ॅनोडला रंग कधीही लावायचा नाही. बोल्टखालचा गंज घासून काढा आणि अ‍ॅनोड व पत्रा यांच्यातला रोध मल्टिमीटरने तपासा. तो शून्याच्या जवळपास हवा. आणि निम्मा झिजलेला अ‍ॅनोड बदलाच, पूर्ण संपायची वाट पाहू नका.

गोड्या पाण्यात जस्तावर थर चढतो आणि ते काम करेनासं होतं. तिथे मॅग्नेशियम लागतं. तेच मॅग्नेशियम समुद्रात नेलं, तर संरक्षण प्रमाणाबाहेर जाऊन रंगाला फोड येतात.

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे न मोजता अ‍ॅनोड वाढवत राहणं. सिल्व्हर क्लोराइडचा संदर्भ इलेक्ट्रोड (ज्याच्या तुलनेत पत्र्याचा व्होल्टेज मोजतात ती कांडी) बोटीशेजारी समुद्राच्या पाण्यात सोडा. तो मीटरच्या कॉमनला जोडा, लाल टोक पत्र्याच्या खरवडलेल्या जागी लावा आणि डीसी व्होल्ट वाचा. संरक्षण नसलेलं पोलाद साधारण उणे ०.६ ते उणे ०.६५ दाखवतं. आकडा उणे ०.८ ते उणे १.०५ यांच्यामध्ये असेल, तर तळ सुरक्षित आहे.

मीटर तसाच लावून ठेवा आणि धक्क्यावरच्या विजेचा प्लग काढा. आकडा लगेच सुधारला, म्हणजे आणखी उणे झाला, तर दोष अर्थिंगच्या वाटेने येतोय: त्या तारेतून तुमची बोट शेजारच्या बोटींना जोडली जाते आणि तुमचे अ‍ॅनोड त्यांचेही धातू सांभाळत बसतात. उपाय म्हणजे गॅल्व्हॅनिक आयसोलेटर किंवा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, ही उपकरणं तारेतून येणारा हा गंजवणारा प्रवाह अडवतात. अर्थिंगची तार तोडून टाकणं हा उपाय नव्हे, त्यात माणूस जाऊ शकतो.

मग बोटीवरची उपकरणं एकेक करून चालू-बंद करा. एखाद्या वेळी आकडा उडी मारेल, तिथेच विजेची गळती आहे. बिल्जमधला (बोटीच्या आतल्या तळाशी पाणी साचतं त्या जागेतला) पंप आधी बघा. साचलेल्या पाण्यात बुडालेला, आवरण फाटलेला जोड हे नेहमीचं कारण. बॅटरीच्या विजेच्या गळतीपुढे अ‍ॅनोडचं काही चालत नाही, पत्र्याला आरपार भोकं पडायला काही आठवडेही पुरतात.

अ‍ॅल्युमिनियमची बोट असेल तर जास्तच जपा. आकडा उणे १.२ च्याही खाली गेला, तर तयार होणारा अल्कलीच धातू खातो. तळाला तांबंयुक्त रंग चुकूनही लावू नका, आणि वायरिंगचं काम झाल्यावर बिल्जमध्ये पडलेले तांब्याच्या तारांचे तुकडे वेचून काढा. असा एकेक तुकडा त्या जागी पत्रा पोखरतो.