गिम्प पुन्हा सुरू करताना विंडो आणि मेनू जागेवर ठेवणे

गिम्प हा चित्रसंपादनाचा प्रोग्रॅम बंद करण्यापूर्वी एडिट मेनूतील प्रेफरन्सेसमध्ये, इंटरफेसखालच्या विंडो मॅनेजमेंट या पानावर ‘सेव्ह विंडो पोझिशन्स ऑन एक्झिट’ या चौकटीत खूण आहे ना, हे पाहून घ्यावे. माझ्या मते मांडणी मनासारखी लागताच तिथलेच ‘सेव्ह विंडो पोझिशन्स नाऊ’ हे बटण दाबणे अधिक चांगले, कारण प्रोग्रॅम मध्येच कोलमडला तर बंद होतानाची नोंद होतच नाही. टूलबॉक्स आणि लेयरची पट्टी अचानक नाहीशी झाली, तर बहुधा टॅब कळ चुकून दाबली गेलेली असते. ती पुन्हा दाबावी. मेनूपट्टीच लपली असेल, तर उघड्या चित्रावर उजवी क्लिक केल्यास संपूर्ण मेनू मिळतो आणि त्यातील व्ह्यूमधून ‘शो मेनूबार’ निवडता येते.