जुन्या ट्रॅक्टरच्या रिमला मागचा टायर कसा जुळवावा

जुन्या टायरवरचा आकडा वाचून तोच नवा मागवला, की काम झालं असं वाटतं. पण बऱ्याच जुन्या ट्रॅक्टरवर आधीच कोणीतरी मिळेल तो टायर चढवलेला असतो, क्वचित एका बाजूची रिमही बदललेली असते. म्हणून सुरुवात रिमपासून करा, आणि दोन्ही बाजूंच्या रिमा वेगवेगळ्या मोजा.

१. रिमवरचा ठसा शोधा. तारेच्या ब्रशने गंज घासला की बहुतेकदा व्हॉल्व्हच्या भोकाजवळ किंवा आतल्या बाजूला ‘डब्ल्यू ११×२८’ असा ठसा दिसतो. यात डब्ल्यू हा रिमच्या कडेचा प्रकार, ११ म्हणजे इंचात रुंदी आणि २८ म्हणजे इंचात व्यास.

ठसा गेला असेल तर टायर उतरवून मोजा. रुंदी दोन्ही उभ्या कडांच्या आतल्या अंगापासून घ्यायची, बाहेरून नव्हे. व्यासासाठी टायरची बीड (रिमला घट्ट बसणारी टायरची आतली जाड कड) बसते त्या जागेवरून टेप गुंडाळा आणि परिघाला ३.१४ ने भागा; २८ च्या रिमला परीघ सुमारे ८८ इंच येतो. टेप बाहेरच्या कडेवर आडवी धरली तर हीच रिम ३० इंचांची भासते, आणि चुकीचा टायर दारात येतो तो बहुधा यामुळेच.

२. टायरवरचा जुना आकडा नव्यात बदला. १०-२८ म्हणजे आताचा ११.२-२८, ११-२८ म्हणजे १२.४-२८, १२-२८ म्हणजे १३.६-२८ आणि १३-२८ म्हणजे १४.९-२८. बाराचा टायर पाहून १२.४ मागवू नका, तो एक माप लहान पडेल. रेडियलमध्ये (आतले धागे आडवे, बीडपासून बीडपर्यंत सरळ गेलेला टायर) १२.४ च्या जागी ३२०/८५आर२८, १३.६ च्या जागी ३४०/८५आर२८ आणि १४.९ च्या जागी ३८०/८५आर२८ चालतो.

३. रुंदी जुळवा. व्यासात तडजोड नाही. अर्ध्या इंचाचा फरकही जिवावर बेतू शकतो. रुंदीत मात्र थोडी सूट मिळते:

- ११.२ ला डब्ल्यू १०
- १२.४ ला डब्ल्यू ११, डब्ल्यू १० चालते
- १३.६ ला डब्ल्यू १२, डब्ल्यू ११ चालते
- १४.९ ला डब्ल्यू १३, डब्ल्यू १२ चालते

तरी टायर कंपनीच्या तक्त्यात एकदा पडताळून घ्या. रिम अरुंद पडली तर टायर मधोमध फुगतो, मधली नक्षी आधी झिजते, कडेच्या गुट्ट्या (नक्षीचे उंच रबरी पट्टे) जमिनीला नीट लागत नाहीत आणि उतारावर ट्रॅक्टर डुलतो. रिम जास्त रुंद असेल तर बाजू ताणल्या जातात, नक्षी कडेने झिजते आणि बीडला दगडाचा मार बसतो. ‘एक माप मोठा घातला तर पकड वाढते’ हा सल्ला रुंद रिम असेल तरच ऐकावा.

४. रिमची तब्येत बघा. टायरमध्ये वजनासाठी कॅल्शियम क्लोराइडचं पाणी भरलेलं असेल, तर गंजाची सुरुवात व्हॉल्व्हच्या भोकापासून होते. तिथे स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने दाबून पाहा. पत्रा पापडासारखा सुटला तर ती रिम रंगवून वाचणार नाही. थोडाच गंज असेल तर घासून, प्रायमर मारून, पूर्ण वाळू द्या.

५. जागा तपासा. रुंद टायर मडगार्डला, लिफ्टच्या सळ्यांना घासत नाही ना? फोर व्हील ड्राइव्ह असेल तर मागचं माप एकटंच बदलू नका. पुढची चाकं मागच्यांपेक्षा साधारण १ ते ५ टक्के जास्त अंतर कापतील असं गिअरचं गणित असतं. ते बिघडलं की टायर घासतात आणि गिअरवर ताण येतो. एकाच अ‍ॅक्सलवर एका बाजूला रेडियल आणि दुसऱ्या बाजूला साधा टायरही नको.

६. चढवताना. ट्यूब त्याच मापाची आणि नवी घ्या. बीडला टायरसाठीचं साबणी वंगण लावा. ग्रीस, तेल, डिझेल कधीच नाही. मागून पाहताना गुट्ट्यांची टोकं वर, म्हणजे उलट्या ‘व्ही’सारखी दिसली पाहिजेत. टायरवरचा फिरण्याच्या दिशेचा बाणही बघा.

हवा लांब पाइपने, चाकासमोर उभं न राहता भरा. ३५ पीएसआयपर्यंत बीड बसली नाही तर दाब वाढवू नका. हवा सोडा, पुन्हा वंगण लावा, टायर मध्यावर आणा. बसल्यावर कंपनीने सांगितलेल्या कामाच्या दाबावर उतरवा. नट आमनेसामने आवळा, आणि पहिल्या काही तासांच्या कामानंतर पुन्हा एकदा आवळा.