बातम्या पाहून डोकं फिरलं तर हे करून पहा

सकाळी तर्री पोहे खाता खाता मोबाईल उघडला की वाटतं सगळं बुडालं बाप्पा. अशावेळी आजची बातमी सोडा अन् तीस-पस्तीस वर्षांचा आकडा काढा. भारतात 1990 ला हजारातली सव्वाशेच्या आसपास लेकरं पाच वर्षांची व्हायच्या आतच जायची, आता तो आकडा तिशीच्या आसपास आलाय. मग घरच्या आजीला विचारा तुझी किती भावंडं जगली, ती बोटं मोजायला लागली की आकडा खरा कळतो. पुढचा प्रश्न, हे झालं काऊन? लस, आशाताई, अन् ओआरएसची साधी पुडी. 2014 ला आपण पोलिओमुक्त झालो ते असंच. नागपूरच्या मे महिन्याचं ऊन काही कमी होत नाही, मान्य, पण पुढच्या पोलिओ रविवारी शेजारचं पोट्टं बूथवर घेऊन जा.