जमिनीच्या लढ्यात कार्यकर्त्याने स्वतःला कसे जपावे

आदिवासींच्या जमिनीसाठी काम करणाऱ्या कार्यकर्त्यावर अचानक हल्ला झाला असे बातमीत छापून येते; पण ज्यांनी अशी प्रकरणे जवळून पाहिली आहेत त्यांना ठाऊक असते की धोक्याच्या तारखा पुष्कळदा महसुली कागदांवर आधीच उमटलेल्या असतात. फेरफाराच्या (जमिनीच्या नोंदीतील नावबदलाच्या) नोटिशीवर हरकत घेतली जाते तो दिवस, मोजणीदार येणार तो दिवस, प्रांताधिकाऱ्यांकडे अपिलाचा निकाल लागणार तो आठवडा आणि ताबा परत द्यायचा तो दिवस, या चार वेळी जमीन बळकावणाऱ्याचे पैसे बुडण्याची शक्यता सर्वाधिक असते. म्हणून प्रत्येक प्रकरणाच्या या तारखा एका वहीत वेगळ्या लिहून काढाव्यात आणि त्यांच्या दोन दिवस आधीपासून आठवडाभर नंतरपर्यंत कोणीही एकटे फिरणार नाही, हे संघटनेच्या बैठकीतच ठरवून टाकावे.

जमीन कोणत्या रीतीने बळकावली गेली हे कळले की धोका कोठून येणार याचाही अंदाज येतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ अ नुसार, ६ जुलै १९७४ पासून आदिवासी खातेदाराची जमीन परवानगीशिवाय बिगरआदिवासीकडे जाऊ शकत नाही. पाच वर्षांपर्यंतच्या भाडेपट्ट्याला किंवा गहाणाला जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी लागते आणि विक्रीसारख्या इतर हस्तांतरणाला त्याशिवाय शासनाची पूर्वमान्यताही लागते. त्यामुळे सरळ खरेदीखताऐवजी कुलमुखत्यारपत्र (आपल्या वतीने व्यवहार करण्याचा अधिकार देणारा कागद), नोटरीसमोरचा साठेकरार (पुढे विक्री करण्याचा करार) किंवा दुसऱ्याच एखाद्या आदिवासी माणसाच्या नावावर केलेली खरेदी असे आडमार्ग वापरले जातात.

रायगड जिल्ह्यातील एका कातकरी वाडीवर एका आजींनी आढ्याला टांगलेली प्लास्टिकची पिशवी खाली काढून त्यातला स्टॅम्पपेपर माझ्या हातात दिला होता. घरकुलाचे कागद आहेत असे सांगून एजंटाने त्यावर त्यांचा अंगठा घेतला होता, आणि वाचून पाहिले तेव्हा तो त्यांच्या वरकस, म्हणजे डोंगरउतारावरच्या हलक्या जमिनीचा साठेकरार निघाला. साक्षीदार म्हणून वाडीतल्याच दोघांच्या सह्या होत्या. असा कागद हाती आला की जमीनमालकाच्या नावाइतकीच साक्षीदारांची नावेही नीट वाचावीत, कारण कार्यकर्ता कधी येतो, कोणाच्या घरी जेवतो आणि कोणत्या वाटेने परततो ही माहिती पुष्कळदा याच माणसांकडून बाहेर जाते. त्या माणसांशी वैर धरू नये, अनेकदा तेही उचलीत (आगाऊ घेतलेल्या मजुरीत) किंवा कर्जात अडकलेले असतात. मात्र पुढच्या तारखांची चर्चा त्यांच्यासमोर करू नये. झारखंडमधील पाकूड जिल्ह्यात संथाळ गावांच्या जमिनींसाठी उभ्या राहिलेल्या सिस्टर वल्सा जॉन यांची १५ नोव्हेंबर २०११ च्या रात्री हत्या झाली, तेव्हा मारेकऱ्यांमध्ये परिसरातलेच लोक होते. पैसा गावात शिरला की धोक्याची दिशा अशी बदलते.

या सर्वांवर माझ्या मते एकच उपाय खरा उपयोगी पडतो, तो म्हणजे प्रकरण एका माणसाच्या नावावर उभे राहू न देणे. एकच अर्जदार, एकच सही, एकाच पिशवीत सगळे मूळ कागद, अशी स्थिती असेल तर तो एक माणूस बाजूला केला की प्रकरण संपते, हे समोरच्यालाही दिसत असते. पालघर, नाशिक, नंदुरबार, गडचिरोली अशा जिल्ह्यांतील अनुसूचित क्षेत्रांत (राज्यघटनेनुसार घोषित केलेल्या आदिवासी भागांत) १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला जमिनीचे बेकायदा हस्तांतरण रोखण्याचा आणि गेलेली जमीन परत मिळवण्यासाठी कारवाई करण्याचा अधिकार दिला आहे. तेथे तक्रार ग्रामसभेच्या ठरावानेच करावी. रायगड जिल्हा अनुसूचित क्षेत्रात येत नाही. तेथे वाडीतल्या सर्व खातेदारांचा सामूहिक अर्ज करावा. सातबारा, जुने फेरफार, आठ अ (खातेउतारा) आणि निकालांच्या प्रती किमान तीन ठिकाणी ठेवाव्यात: गावात, तालुक्याच्या वकिलाकडे आणि जिल्ह्याबाहेरच्या एखाद्या विश्वासू माणसाकडे. माहिती अधिकाराचे अर्जही वेगवेगळ्या लोकांनी करावेत. तळेगाव दाभाडे येथे जमीन घोटाळे उघड करणाऱ्या सतीश शेट्टी यांनी पोलीस संरक्षण मागितले होते, तरीही १३ जानेवारी २०१० रोजी सकाळी फिरायला गेले असताना त्यांची हत्या झाली. ते प्रकरण आदिवासी जमिनीचे नव्हते, पण नेहमीची वेळ आणि नेहमीची वाट किती महाग पडू शकते हे त्यातून प्रत्येकाने शिकावे, असे मला कळकळीने वाटते.

धमकी आली की ती किरकोळ समजून सोडून देऊ नये. त्याच दिवशी तारीख, वेळ, जागा, धमकी देणाऱ्याचे नाव किंवा वर्णन, गाडीचा क्रमांक आणि त्याने उच्चारलेले शब्द जसेच्या तसे वहीत लिहावेत. शिवीसुद्धा सभ्य करून लिहू नये. फोनवर धमकी असेल तर ध्वनिमुद्रण दुसरीकडे पाठवून झाल्यावरही मूळ फोन जपून ठेवावा, कारण न्यायालयात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र द्यावे लागते. तक्रार पोलीस ठाण्यात द्यावी आणि पोच घेतल्याशिवाय तेथून निघू नये. ठाण्यात नोंद होत नसेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ (४) प्रमाणे तक्रार लेखी स्वरूपात, टपालाने, पोलीस अधीक्षकांकडे पाठवावी. अर्जात केवळ ‘जिवाला धोका आहे’ असे मोघम लिहू नये. कोणत्या गटक्रमांकाच्या जमिनीमुळे, कोणाकडून आणि कोणत्या तारखेच्या सुनावणीमुळे हे स्पष्ट लिहावे, म्हणजे पुढे काही घडल्यास तोच अर्ज पुरावा ठरतो.

जमीनमालक आदिवासी असेल तर अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा हाताशी आहे. त्याच्या कलम ३ (१) मधील खंड (फ) व (ग) नुसार, म्हणजे इंग्रजी पाठातील एफ आणि जी या खंडांनुसार, जमीन बेकायदा बळकावणे, कसणे, ताब्यातून हुसकावणे, वनहक्कात अडथळा आणणे आणि पिकाची नासधूस करणे हे गुन्हे आहेत. बिगरआदिवासी कार्यकर्त्याला हा कायदा पीडित मानत नाही, ही त्यातील मर्यादा लक्षात ठेवावी. परंतु कलम १५ अ मध्ये पीडितांबरोबर साक्षीदारांच्या संरक्षणाची जबाबदारीही राज्यावर टाकली आहे आणि पीडिताला सामाजिक कार्यकर्त्याची मदत घेण्याचा हक्कही दिला आहे. त्यामुळे कार्यकर्त्याने काही प्रत्यक्ष पाहिले असल्यास साक्षीदार म्हणून स्वतःचा जबाब नोंदवून घ्यावा. साक्षीदार संरक्षण योजनेखाली अर्ज करायचा झाल्यास हाच जबाब उपयोगी पडतो.

मारहाणीपेक्षाही कार्यकर्त्याला अधिक थकवतात त्या खोट्या केसेस. खंडणी मागितली, सरकारी कामात अडथळा आणला, झाडे तोडली, अतिक्रमण केले, असे आरोप ठरलेले असतात. त्यांच्यासाठी आधीच तयारी ठेवावी: संघटनेच्या पैशांचा हिशेब पावतीसह लिहिलेला असावा, एजंटाला किंवा जमीन बळकावणाऱ्याला एकट्याने भेटू नये, त्याच्या गाडीत बसू नये आणि ‘समझोत्याची’ बोलणी नेहमी ग्रामस्थांसमोर करावीत. ‘चॅप्टर केस’ची (शांतता राखण्याचे बंधपत्र घेण्याच्या कारवाईची) नोटीस पुष्कळदा तहसीलदारांसमोर, कार्यकारी दंडाधिकारी या नात्याने चालते, म्हणजे जमिनीचे कागद ज्या कार्यालयात आहेत तेथेच. घाईने बंधपत्रावर सही करून मोकळे होण्यापेक्षा वकिलामार्फत लेखी म्हणणे द्यावे. तडीपारीची नोटीस आली तर महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ५९ प्रमाणे बाजू मांडण्याचा व साक्षीदार देण्याचा हक्क आहे आणि आदेश झाल्यास ३० दिवसांत राज्य शासनाकडे अपील करता येते. अटकेच्या वेळी अटकेची कारणे विचारावीत, अटक पंचनाम्याची प्रत मागावी आणि कोणाला कळवायचे त्या माणसाचे नाव सांगावे. तो क्रमांक तोंडपाठ असावा, कारण फोन काढून घेतला जातो. अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो.

एखाद्या पहाटे जेसीबी आणि तारकंपाउंडचे खांब घेऊन टेम्पो आला, तर यंत्रापुढे आडवे पडण्याचा मोह होतो, आणि तो समजण्यासारखाही आहे. तरीही तसे करू नये. ११२ वर फोन करून वेळ लिहून ठेवावी, दोघांनी थोड्या उंचीवरून चित्रीकरण करावे, म्हाताऱ्यांना आणि मुलांना घरी थांबवावे आणि उरलेल्यांनी एकत्र उभे राहून मोजणीची नोटीस किंवा न्यायालयाचा आदेश दाखवण्याची मागणी करावी. जमीन वनहक्काच्या दाव्यातील असेल तर २००६ च्या वनहक्क कायद्याचे कलम ४ (५) छापून जवळ ठेवावे: दाव्याची पडताळणी पूर्ण होईपर्यंत वननिवासींना हटवता येत नाही. दगड उचलला जाणार नाही, याची जबाबदारी आधीच एका वडीलधाऱ्या माणसावर सोपवलेली असावी.

जमीन परत देण्याचा आदेश मिळाला की गावात गुलाल उधळला जातो आणि सोबत फिरणे बंद होते. प्रत्यक्षात खरे नुकसान समोरच्याला तेव्हाच जाणवू लागते. मंडळ अधिकाऱ्यांकडून ताबा पावती व पंचनामा हातात घ्यावा, सातबाऱ्यावर नाव लागल्याची खात्री करावी, त्याच पावसाळ्यात नाचणी, वरई जे जमेल ते पेरावे, आणि ते पीक कापून घरात येईपर्यंत शेतावर रोज किमान चौघांनी मिळून जावे.