रॅम वाढवताय? या चुका टाळा

दुकानात शिरल्या शिरल्या "कॉम्प्युटरसाठी आठ जीबीची रॅम द्या" म्हणालात की घोळ झालाच म्हणून समजा. मी तेच केलं होतं. परभणीत मिळेना म्हणून छत्रपती संभाजीनगरहून रॅम आणली. पिशवीत डीडीआर 4, घरी मदरबोर्ड (कॉम्प्युटरचा मुख्य बोर्ड) डीडीआर 3 चा! डीडीआरपुढचा आकडा म्हणजे रॅमची पिढी. खाच जुळेना तरी दाबून पाहिली. रॅम बसवायचा स्लॉट फुटला नाही हे नशीब. डेस्कटॉपच्या डीडीआर 3 ला 240 पिना, 4 आणि 5 ला 288, पण तिन्हींची खाच वेगवेगळ्या जागी असते, ती मुद्दामच. सहज बसत नसेल तर ती रॅम तुमची नव्हे.

खरं तर जुनी रॅम काढून खिशात घालून न्यायची, किंवा तिच्या स्टिकरचा फोटो काढायचा. त्यावर 'पीसी3-12800यू' असं काहीतरी असतं. पीसी3 म्हणजे डीडीआर 3, आणि 12800 म्हणजे 1600 चा वेग. बहुतेकजण इथंच थांबतात, पण शेवटचं अक्षर बघा. 'यू' घरच्या डेस्कटॉपची, 'एस' लॅपटॉपची, 'आर' सर्व्हरची. ऑनलाइन फार स्वस्तात दिसते ती बऱ्याचदा ही 'आर'वालीच. घरच्या बोर्डात ती चालत नाही. तसंच 'फक्त एएमडीसाठी' लिहिलेली डीडीआर 3 इंटेलच्या बोर्डावर (दोन्ही प्रोसेसर बनवणाऱ्या कंपन्या) घेऊ नका, भाव कितीही पाडून दिला तरी.

दोन वेगवेगळ्या वेगाच्या रॅम एकत्र लावल्या तर दोन्ही त्यातल्या कमी वेगानं चालतात. एवढं चालतं.

नवी रॅम लावली आणि डिस्प्लेच येत नाही, नुसती बीप वाजते? लगेच दुकानदाराशी भांडायला निघू नका. वायर काढा, पॉवरचं बटण थोडा वेळ दाबून धरा. आपल्याकडं उन्हाळाभर कूलरची दमट हवा आणि धूळ सीपीयूत जात असते, जुन्या रॅमच्या सोनेरी पट्ट्या काळवंडतात. साध्या खोडरबरानं त्या हलकेच पुसा, भुगा स्लॉटमध्ये पडू देऊ नका. मग एकेक रॅम एकेका स्लॉटमध्ये लावून बघा. दोन्ही बाजूंनी 'कट' आवाज आला पाहिजे. डीडीआर 5 असेल तर पहिल्यांदा दोन-चार मिनिटं काळा पडदा राहू शकतो, घाबरून बंद करू नका.

सगळं बसलं, तरी आठपैकी तीन-साडेतीनच जीबी वापरात दिसतात? विंडोज 32 बिटची असणार, तिला याहून जास्त रॅम वापरता येत नाही. 64 बिटची टाकून घ्या, रॅम परत करायला जाऊ नका.