अमेरिकन कॉन्सेप्ट कारची मॉडेलं जमवताना आधी खऱ्या गाडीचे फोटो बघा

कॉन्सेप्ट कार म्हणजे कंपनीने शोमध्ये दाखवायला केलेली नमुना गाडी, तिचं गणित साध्या गाड्यांपेक्षा वेगळं असतं, कारण खरी गाडी बहुतेक वेळा एकच बनलेली असते आणि तीही नंतर कितीदा तरी बदललेली. म्हणून मॉडेल घ्यायच्या आधी ते गाडीच्या कुठल्या रूपाचं आहे ते बघाच. १९५५ ची लिंकन फ्युचुरा घ्या ना, शोमध्ये आली तेव्हा निळसर झाक असलेली मोतिया पांढरी होती, मग एका सिनेमासाठी तिला लाल रंग दिला आणि १९६६ च्या टीव्ही सिरीयलसाठी गाड्या बदलून देणाऱ्या जॉर्ज बॅरिसने तिचीच बॅटमोबिल, म्हणजे बॅटमॅनची गाडी केली! म्हणजे लाल फ्युचुरा दिसली की रंग चुकला असं लगेच म्हणू नका, जुने फोटो शोधा.

सुरुवातीला दिसेल ते घेत सुटू नका, एक धागा धरा. मी तर जनरल मोटर्सचा (जीएम) डिझाइनप्रमुख हार्ली अर्ल याचाच सांगेन, १९३८ ची ब्युइक वाय-जॉब, १९५१ ची ल सेबर, मग जीएमच्या तिन्ही टर्बाइनवाल्या फायरबर्ड. फायरबर्ड ३ हातात आली की आधी फिन, म्हणजे पंखांसारखे पर मोजा, छोटे-मोठे धरून सात पाहिजेत, आणि डोक्यावर दोन वेगळे बबल, म्हणजे पारदर्शक घुमट. फायरबर्ड २ ची बॉडी टायटॅनियमची, मंद चमकेची, त्यामुळे आरशासारखं चकचकीत क्रोम केलेलं मॉडेल दिसलं तर सोडून द्या.

क्रायस्लर नॉर्समन तर १९५६ मध्ये आंद्रेआ डोरिया जहाजाबरोबर बुडाली, तिचं मॉडेल करणाऱ्याकडे मोजायला गाडीच नाही, सगळा भरवसा फोटोंवर. आणि फोर्ड न्यूक्लिऑन, माझी सगळ्यात लाडकी, अणुशक्तीवर चालणारी गाडी अशी कल्पना, पण फोर्डने स्वतःच ती फक्त ३/८ स्केलमध्ये केली, पूर्ण आकारात कधी बनलीच नाही. तुमच्या कपाटात येईल ते मॉडेलचंच मॉडेल!

स्केलचं म्हणाल तर १:४३ (खऱ्या गाडीचा ४३ वा भाग) बरं, फ्युचुरासारखी लांबलचक गाडीसुद्धा साधारण १३ सेंमीत बसते, तीच १:१८ मध्ये ३२ सेंमी होते. या गाड्या बऱ्याचदा रेझिनमध्ये (साच्यात ओतलेलं प्लॅस्टिक) आणि थोड्याच निघतात, दारं उघडत नाहीत पण आकार छान येतो, फक्त उन्हात आणि गरम जागी ठेवू नका, वाकतात. जुनं डायकास्ट, म्हणजे धातू साच्यात ओतून केलेलं मॉडेल घेताना खालून टॉर्च मारून बघा, बारीक भेगा किंवा फुगलेला धातू दिसला तर जस्ताचा मिश्रधातू आतून सडतोय, त्याला इलाज नाही.

पारदर्शक बबल अल्कोहोलने किंवा काच पुसायच्या स्प्रेने अजिबात पुसू नका, जाळीसारखे तडे जातात, मऊ ब्रश पुरे. आणि मऊ टायर प्लॅस्टिकच्या बेसवर वर्षानुवर्षं टेकून राहिले की बेस वितळल्यासारखा होतो, तेव्हा चाकांखाली कागदाचा तुकडा ठेवा.