विक्रमासाठी मासा मारावा लागत नाही: महाशीर मोजताना या चुका टाळा

मोठा महाशीर (आपल्याकडचा खडशी) गळाला लागला की काठावरून पहिला प्रश्न येतो, "किती किलोचा?" घोळ इथूनच सुरू होतो. जागतिक नोंदी ठेवणाऱ्या आयजीएफए या संस्थेकडे वजनाचा विक्रम मांडायचा, तर गेल्या १२ महिन्यांत प्रमाणित केलेला वजनकाटा लागतो आणि वजन होडीत नाही, जमिनीवर करावं लागतं. असा काटा पिशवीत घेऊन फिरणारे किती? मग कल्ल्यातून दोरी ओवून मासा काट्यापर्यंत नेतात, आणि पोचेपर्यंत तो मेलेला असतो.

याच संस्थेने २०११ पासून लांबीचे विक्रमही नोंदवायला घेतले. त्यांत मासा जिवंत सोडणं हीच मुख्य अट आहे. आपला दावा वजनाचा की लांबीचा, हे गळ टाकण्याआधी ठरवा. मासा हातात आल्यावर ठरवायला बसलात तर तेवढा वेळ तो श्वासाविना राहतो.

शिंप्याची टेप
लांबीच्या दाव्याला शिंप्याची टेप चालत नाही, संस्थेचीच मोजपट्टी लागते. माशाचं तोंड मिटलेलं आणि पट्टीच्या टोकाला टेकलेलं हवं. माप शेपटीच्या खाचेच्या मध्यापर्यंत घ्यायचं, शेपटीच्या टोकापर्यंत नाही. सेंटिमीटरचा अपूर्णांक सोडून द्यायचा: ८७.६ भरलं तरी नोंद ८७. फोटोत सर्वाधिक वेळा बिघडतं ते शेपटीकडचं टोक. एक तर बोटाने आकडा झाकला जातो, नाहीतर ओल्या पट्टीवर ऊन चमकतं. घरी दुधी भोपळा पट्टीवर ठेवून सोबत्याकडून फोटोंचा सराव करून घ्या. हसू येईल, पण नदीवर वेळ वाचतो.

सूत्राचं वजन
घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले ८०० (मापं इंचांत, उत्तर पौंडांत) हे सूत्र गप्पांपुरतं ठीक आहे. ३६ इंच लांब आणि २० इंच घेराचा मासा १८ पौंडांचा येतो. घेर चुकून २१ इंच धरला तर तोच मासा जवळजवळ २० पौंडांचा होतो! विक्रमासाठी असं वजन चालत नाही.

ओळख पटत नाही
महाशीरच्या जाती दिसायला जवळच्या. कावेरीच्या खोऱ्यातला कुबडधारी महाशीर, ज्यातला १२० पौंडांचा मासा १९४६ साली पकडल्याची नोंद आहे, त्याचं शास्त्रीय नाव 'टॉर रेमादेवी' असल्याचं २०१८ मध्ये स्पष्ट झालं. आज ही जात अतिसंकटग्रस्त आहे. सोडलेला मासा पुन्हा दाखवता येत नाही, म्हणून एका बाजूचा पूर्ण फोटो, पाठीचा पर उभा धरून एक, आणि ओठ व अंगावरच्या खवल्यांची रांग स्पष्ट दिसेल असा एक, एवढे तरी हवेतच.

सोडला, पण उलटा तरंगतोय
कारण बहुधा आधीच घडलेलं असतं. गळाची दोरी फार हलकी घेतल्याने झुंज लांबली, किंवा मासा जबड्याला धरून उभा लटकवला. पाण्याबाहेर कल्ल्यांचे पापुद्रे एकमेकांना चिकटतात आणि प्राणवायू घेता येत नाही. म्हणून फोटोसाठी एका वेळी १० सेकंदांपेक्षा जास्त उचलू नका. मधल्या वेळात मासा रबरी, बिनगाठीच्या जाळीत पाण्यातच राहू द्या. हात आणि पट्टी ओली करा, नाहीतर अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि बुरशी धरते. गळाचा उलटा काटा पक्कडीने आधीच दाबून टाका. गळ खोल गिळला असेल तर ओढू नका, दोरी तोंडालगत कापा.

सोडताना पोटाखाली आणि शेपटीजवळ हलका आधार देऊन तोंड प्रवाहाकडे धरा. मागेपुढे हलवू नका, मागे ओढलं की पाणी कल्ल्यांतून उलटं जातं. त्याने स्वतः जोर लावला की हात काढा.

उन्हाळ्याच्या दुपारी कोमट, साचलेल्या डोहात हे सगळं करूनही मासा दगावू शकतो, पहाटेच जा. पावसाळ्यात महाशीर अंडी घालायला वर चढतो, तेव्हा गळ गुंडाळून ठेवा. आणि महाडजवळच्या वाळणकोंडीसारख्या देवाच्या डोहात, जिथे मासे देवीचे मानतात, मोजपट्टीसुद्धा बाहेर काढू नका.